आधी सिम, मग फोन, मग ईमेल : सोशल मीडियाची खाती कुलूपबंद करण्याचा योग्य क्रम

‘माझं फेसबुक हॅक झालंय, जरा बघतोस का?’ असा फोन मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, जुन्या ऑफिसातले लोक. फोन हातात घेऊन बघितलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. त्या माणसाने काळजी घेतलेली असते, पण उलट्या क्रमाने. प्रोफाइल लॉक केलेलं असतं, डीपी लपवलेला असतो, आणि ज्या ईमेलवर पासवर्ड बदलण्याची लिंक येते त्याचा पासवर्ड मात्र २०१४ पासून मुलीचं नाव आणि जन्मसाल असा असतो. फेसबुकचं कुलूप कितीही भारी असो, किल्ली ईमेलमध्ये असते. आणि ईमेलची किल्ली असते सिमकार्डात.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. कुठला टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळून पुढे जाऊ नका, विशेषतः पहिले तीन.

## तयारी : सुरू करण्याआधी एवढं जवळ ठेवा

दीड ते दोन तास लागतील. हे काम लोकलमध्ये, लग्नाच्या हॉलवर किंवा रात्री अकरा वाजता करू नका. मध्येच अडकलात तर मोबाइल कंपनीच्या दुकानात जाता आलं पाहिजे, म्हणून सकाळची वेळ घ्या. फोन पूर्ण चार्ज असू द्या. जमलं तर एक कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपही ठेवा. जीमेलमधल्या एकदोन महत्त्वाच्या गोष्टी फोनच्या ॲपमध्ये दिसतच नाहीत.

एक कागदी वही घ्या. हो, कागदी. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, वापरता येत असेल तर उत्तमच, पण ज्यांना तो जमत नाही त्यांनी फोनच्या नोट्समध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲप करून पासवर्ड ठेवण्यापेक्षा कपाटातली वही शंभर पटीने बरी. वहीच्या पहिल्या पानावर तुमची सगळी खाती लिहा : व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्राम, लिंक्डइन, आणि कधीकाळी उघडून विसरलेली. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा, कुठला नंबर आणि कुठला ईमेल जोडलाय. ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं तर तेही लिहा. तेच खातं सगळ्यात धोक्याचं असतं.

थांबा : कुठेही अडलात तर गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिथे वर दिसणारे नंबर भामट्यांनीच टाकलेले असू शकतात. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर सामान्य वापरकर्त्यासाठी फोन करून बोलायची सोय नाही. ‘मी फेसबुकमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस खोटाच समजा.

## टप्पा १ : सिमकार्ड

### १.१ नंबर कोणाच्या नावावर आहे?

खूप घरांत आईचं सिम मुलाच्या नावावर आणि मुलाचं सिम मामाच्या नावावर असतं. दुकानात सेल लागला होता, ज्याचं आधार हाताशी होतं त्याचं दिलं. नंबर गेला की नवं सिम मात्र ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. तो माणूस दुबईत असेल तर तुमचं व्हॉट्सॲप, ईमेल, बँक सगळं अडकून बसतं. शक्य असेल तर नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या.

दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ पोर्टल आहे. तिथे तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते पाहता येतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘हा माझा नंबर नाही’ अशी नोंद तिथेच करता येते. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ कनेक्शन असू शकतात. चोरीला गेलेला फोन ब्लॉक करण्याची सोयही त्याच पोर्टलवर आहे.

### १.२ सिमला पिन लावा

हे जवळपास कुणीच करत नाही. फोनला बोटाचा ठसा लावला की झालं, असं वाटतं. पण फोन चोरणारा तुमचा फोन उघडायच्या भानगडीत पडत नाही. तो सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. सिम पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर सिम आधी तो आकडा मागतं.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ शोधा. सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो. तो कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानातून खात्री करून घ्या, अंदाजाने टाकू नका. मग बदलून स्वतःचा ठेवा आणि वहीत लिहा.

इशारा : पिन ३ वेळा चुकला तर सिम लॉक होतं आणि कंपनीकडून ते उघडण्याचा पीयूके नंबर घ्यावा लागतो. तो १० वेळा चुकला तर सिम कायमचं बाद.

### १.३ कॉल फॉरवर्डिंग तपासा

‘कुरिअर आलंय, डिलिव्हरीसाठी हा कोड डायल करा’ असं सांगून स्टार, हॅश आणि एक मोबाइल नंबर असलेला कोड लावायला सांगतात. तो लावला की तुमचे कॉल त्यांच्या नंबरवर वळतात. याचा व्हॉट्सॲपशी काय संबंध? व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फोन कॉलवरही ऐकता येतो. कॉल त्यांच्याकडे वळलेला असेल तर कोडही तेच ऐकणार. तुम्ही कुणाला ओटीपी सांगितलेला नसतो, तरी खातं जातं.

फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडा. ‘ऑलवेज फॉरवर्ड’ बंद असलं पाहिजे. व्यस्त किंवा आवाक्याबाहेर असताना कॉल कुठे जातो तिथे कधीकधी मोबाइल कंपनीचाच एखादा नंबर असतो, तो चालेल. अनोळखी दहा आकडी नंबर दिसला तर लगेच काढा.

### १.४ परदेशात राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी असो की सिंगापूर, गावचा नंबर ‘असू दे’ म्हणून ठेवलेला असतो आणि रिचार्ज विसरतो. बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मग तुमच्या जुन्या फेसबुकचा ओटीपी सातारच्या किंवा सुरतच्या कुणा भल्या माणसाला जातो. तो भला असेल अशी आशा करायची. एक तर रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर नंबर सोडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावरच्या प्रत्येक खात्यातून तो काढा.

तपासा : फोन लॉक असताना स्वतःलाच दुसऱ्या फोनवरून एसएमएस पाठवा. स्क्रीनवर मजकूर वाचता येतोय का? येत असेल तर नोटिफिकेशनमधला मजकूर लॉक स्क्रीनवर लपवा. टेबलावर ठेवलेल्या फोनवरचा ओटीपी वाचायला हॅकर असावं लागत नाही.

## टप्पा २ : फोन

फोन ईमेलच्या आधी का? कारण फोनमध्ये आधीच नको ते ॲप बसलेलं असेल तर पुढे टाकाल तो प्रत्येक नवा पासवर्ड आणि येईल तो प्रत्येक ओटीपी ते वाचू शकतं. मग सगळी मेहनत म्हणजे वरातीमागून घोडं.

हे ॲप येतं कुठून? सध्या बहुधा व्हॉट्सॲपवरच्या फाइलमधून. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी, सरकारी योजनेची यादी. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असतो. उघडण्यासाठी काही ‘इन्स्टॉल’ करायला लावणारी लग्नपत्रिका जगात नसते, मग ती सख्ख्या चुलत भावाच्या नंबरवरून का येईना. बऱ्याचदा ती त्याच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो.

अँड्रॉइड फोनमध्ये या क्रमाने बघा :

1. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर ‘नॉट अलाउड’ हवं.
2. ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. इथे परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. अनोळखी नाव दिसलं तर परवानगी काढा आणि ॲप काढून टाका.
3. एसएमएस वाचण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. टॉर्चच्या ॲपला तुमचे मेसेज कशाला हवेत?
4. स्क्रीन शेअर करणारी ॲप्स कुणाच्या सांगण्यावरून घेतली असतील तर काढा.
5. प्ले स्टोअरमधलं ‘प्ले प्रोटेक्ट’ स्कॅन चालवा, मग सिस्टिम अपडेट करा.

थांबा : संशयास्पद ॲप सापडलं आणि ते काही केल्या निघत नसेल, तर पुढचे टप्पे या फोनवर करू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून करा आणि हा फोन फोटो वगैरे काढून घेऊन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा कोरा करा. त्यात बँकेचं ॲप असेल तर आधी बँकेला कळवा.

## टप्पा ३ : ईमेल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी सगळं.

### ३.१ आतल्या कामांचा क्रम

(क) आधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायला जोडलेला नंबर आणि पत्ता. जुना नंबर, सोडलेल्या कंपनीचा ईमेल, कॅफेवाल्याने खातं उघडून देताना घातलेला स्वतःचा नंबर, हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते आधी बदला. नाहीतर तुम्ही नवा पासवर्ड लावाल आणि समोरचा रिकव्हरीतून परत आत येईल.

(ख) मग पासवर्ड. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, कढीपत्ता-पायमोजा-भोवरा-शिट्टी या धर्तीवर. हेच शब्द घेऊ नका, ते आता छापून आलेत. म्हण, आरतीची ओळ, शिवरायांशी संबंधित नाव-साल घेऊ नका. लांब असतं, पण कुणालाही सुचतं. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही.

(ग) गुगल खात्याच्या ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ओळखीचे नसलेले सगळे फोन आणि कॉम्प्युटर साइन आउट करा. विकलेला जुना फोनही तिथे बसलेला असतो.

(घ) कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमधले ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ बघा. ज्याने एकदा आत शिरकाव केलाय तो जाताना इथे स्वतःचा पत्ता ठेवून जातो. तुमच्या प्रत्येक मेलची प्रत त्याला मिळत राहते. पासवर्ड बदलला तरी हे आपोआप जात नाही.

(ङ) शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं दुसरं कुलूप. सुरू केल्यावर ‘बॅकअप कोड्स’ घ्या, फोन हाताशी नसताना आत जायला ते लागतात. गुगल ८ आकड्यांचे १० कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते वहीत उतरवा.

इशारा : बॅकअप कोड न घेता टू-स्टेप सुरू करून उठू नका. फोन हरवला की पहिला बाहेर राहणारा माणूस तुम्हीच असता. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन एसटीत राहिला. खातं अभेद्य होतं. इतकं की स्वतःचं खातं परत मिळवायला त्यांना तीन आठवडे लागले.

तपासा : कॉम्प्युटरवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून नव्या पासवर्डने लॉगिन करून बघा. फोनवर विचारणा आली पाहिजे. आली नाही तर (ङ) अर्धवट राहिलंय.

## टप्पा ४ : व्हॉट्सॲप

आधी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. फोनशिवाय आणखी ४ उपकरणं जोडता येतात, आणि तुमचा फोन बंद असला तरी ती मेसेज वाचत राहतात. ऑफिसचा, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर तिथे दिसला तर काढा. प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडून तसंच निघून येणारे कितीतरी लोक असतात. ‘फोटो बघायला हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका’ असं एखादी वेबसाइट सांगत असेल तर ती तुमचं खातं तिच्या कॉम्प्युटरला जोडतेय, फोटो दाखवत नाहीये.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन, आणि सोबत ईमेलही द्या. ईमेल न देता ‘स्किप’ करणं ही इथली नेहमीची चूक. पिन विसरलात आणि ईमेल नसेल तर ७ दिवस थांबावं लागतं. पिन एटीएमचा नको, जन्मतारीख नको. व्हॉट्सॲप अधूनमधून हा पिन ॲपच्या आतच विचारतं. ते खरं आहे, घाबरू नका. मेसेज किंवा फोन करून विचारणारा खोटा.

आता प्रायव्हसी. डीपी, लास्ट सीन, अबाउट आणि स्टेटस ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवा, पण त्याचा अर्थ समजून घ्या. तुम्ही ज्यांचे नंबर सेव्ह केलेत ते सगळे म्हणजे ‘माय कॉन्टॅक्ट्स’. गॅसवाला, २०१७ मधला ब्रोकर, भाड्याचं घर दाखवणारा एजंट, सगळे तुमच्या मुलांचे फोटो स्टेटसला बघतायत. म्हणून सेटिंग बदलण्याआधी कॉन्टॅक्टची यादी छाटा, किंवा स्टेटससाठी ‘ओन्ली शेअर विथ’ वापरून पंधरावीस जण निवडा.

‘ग्रुप्स’मध्येही ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. म्हणजे शेअर बाजाराच्या ‘खात्रीशीर नफ्या’च्या ग्रुपमध्ये परस्पर तुम्हाला कुणी टाकणार नाही. ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. लाइव्ह लोकेशन कुणाला चालू राहिलंय का तेही बघून घ्या.

आणि चॅट बॅकअप. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कुणालाच वाचता येत नाहीत, पण गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप आपोआप तसा नसतो. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ वेगळं चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, कंपनीलाही नाही. वही विसरू नका.

## टप्पा ५ : फेसबुक आणि इन्स्टाग्राम

दोन्ही एकाच कंपनीचे. ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ती जोडलेली असतील तर एका दारातून दुसऱ्यात जाता येतं. जोडणी ठेवायची की तोडायची हे तुम्ही ठरवा. मी तोडतो.

1. ‘अकाउंट्स सेंटर’मधल्या ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’त जा. नंबर आणि ईमेल तपासा, अनोळखी असेल तो काढा.
2. पासवर्ड बदला. ईमेलपेक्षा वेगळा.
3. ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ बघून परके फोन बाहेर काढा.
4. टू-फॅक्टर चालू करा, हे टू-स्टेपचंच दुसरं नाव. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणारं ॲप, चांगलं, कारण ते सिमवर अवलंबून नसतं. रिकव्हरी कोड वहीत.

इथपर्यंत चोरापासून. आता बघणाऱ्यांपासून.

फेसबुकवर प्रोफाइल लॉक करायला हरकत नाही, पण त्याच्या आधी फ्रेंड लिस्ट ‘ओन्ली मी’ करा. डुप्लिकेट प्रोफाइल काढणाऱ्याला तुमचा फोटो कुठूनही मिळतो. त्याला खरी गरज असते ती तुमच्या मित्रांच्या यादीची, कारण ‘अर्जंट पाच हजार पाठव’ हे कुणाला सांगायचं ते तिथून कळतं. यादी दिसली नाही की त्याचा धंदा निम्म्यावर येतो.

‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ या एका बटणाने जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. एकदा केलं की सगळं एकदम पूर्ववत करता येत नाही, एकेक पोस्ट बदलावी लागते. तुमच्या मसाल्यांच्या किंवा साड्यांच्या जाहिराती याच प्रोफाइलवर असतील तर आधी विचार करा. खरं तर धंद्यासाठी वेगळं पेज हवं.

लोकांचा एक मोठा गैरसमज : प्रोफाइल लॉक केलं म्हणजे सगळं झाकलं. सार्वजनिक ग्रुपमधल्या पोस्ट आणि वर्तमानपत्रांच्या पेजवर केलेल्या कमेंट उघड्याच राहतात. ‘९वीच्या मुलीसाठी क्लास सुचवा, आम्ही अमुक चौकात राहतो’ ही कमेंट कुठलंही कुलूप झाकत नाही.

इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट केलं तरी आधीचे फॉलोअर तसेच राहतात. त्यांना हाताने काढावं लागतं. बिझनेस खातं प्रायव्हेट होत नाही, ते आधी पर्सनल करावं लागतं. रील चालावं म्हणून बिझनेसवर गेलेल्या मुलामुलींना हे माहीत नसतं.

इशारा : इन्स्टावर मैत्रिणीचा मेसेज येतो, ‘माझं खातं अडकलंय, तुला एक लिंक येईल, तिचा फक्त स्क्रीनशॉट पाठव, क्लिक करू नको.’ ती लिंक तुमच्याच खात्यात शिरण्याची असते. लिंकची अक्षरं दिसली की पुरतं. पेज चालवणाऱ्यांना ‘कॉपीराइटचा भंग केलात, २४ तासांत पेज बंद होईल’ असा मेसेज मेसेंजरवर येतो, तोही तसलाच. खरा मेल आलाय का हे ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’तल्या ‘रिसेंट ईमेल्स’मध्ये दिसतं.

तपासा : घरातल्या अशा माणसाच्या फोनवरून स्वतःला शोधा, जो तुमच्या मित्रयादीत नाही. जे दिसतंय ते वहीत लिहून काढा आणि मग त्यातलं काय नको ते ठरवा.

## टप्पा ६ : जुने फोटो विंचरून काढा

एका दुपारचं काम. पोस्ट न पुसता फक्त ‘ओन्ली मी’ केली तरी चालते, आठवणी राहतात. हे शोधा : नव्या गाडीला हार घातलेला फोटो आणि त्यात नंबर प्लेट. मुलाचा शाळेचा गणवेश, आयकार्ड, स्कूल बसचा नंबर. १०वीची गुणपत्रिका. परीक्षेचं हॉल तिकीट. बोर्डिंग पास. वास्तुशांतीची पत्रिका, ज्यावर पत्ता आणि तीन मोबाइल नंबर असतात. ‘आम्ही निघालो कोकणात’ असा विमानतळावरचा किंवा टोलनाक्यावरचा फोटो, जो वाचून घराला कुलूप आहे हे गावभर कळतं. फिरायला जा, फोटो परतल्यावर टाका.

आपल्या नावातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. त्याला वाढदिवसाच्या केकवरची तारीख आणि ‘आजोळी चार दिवस’ हे कॅप्शन जोडलं की बँक विचारते त्यातली बरीच उत्तरं तयार होतात.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातली ठिकाणाची छुपी नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. ओएलएक्ससारख्या ठिकाणी सोफा विकताना अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून फोटो देऊ नका. आधार कुणाला पाठवायचंच असेल तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

## टप्पा ७ : तरीही काही झालं तर

‘हॅक झालं’ म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा. आधी कुठली ते ओळखा.

### तुमच्या नावाचं दुसरं प्रोफाइल निघालंय

तुमचं खातं शाबूत आहे. पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. त्या खोट्या प्रोफाइलची लिंक कॉपी करा, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि मगच प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून ‘फेक प्रोफाइल’ म्हणून रिपोर्ट करा. आधी रिपोर्ट केलं आणि प्रोफाइल उडालं तर पुरावाही उडतो. त्या माणसाशी भांडू नका, तो तुम्हालाच ब्लॉक करेल आणि मग तुम्हाला ते दिसणारच नाही. ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर कळवा : ‘पैसे मागितले तर मला फोन करा.’

### खातं खरंच हातातून गेलंय

पहिल्यांदा ईमेल. टप्पा ३ परत करा. नंतर फेसबुकच्या किंवा इन्स्टाग्रामच्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘हॅक्ड’ हा शब्द टाकून उघडणारं पान वापरा. नेहमीच्या फोनवरून आणि घरच्या इंटरनेटवरून करा, ओळख पटायला मदत होते.

व्हॉट्सॲप गेलं असेल तर आधी कॉल फॉरवर्डिंग बंद करा, मग स्वतःच्या फोनवर नंबर टाकून एसएमएसने आलेल्या कोडने परत नोंदणी करा. समोरचा आपोआप बाहेर पडतो. त्याने मध्येच पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला ७ दिवस लागतील, पण कोड टाकला त्या क्षणीच तो बाहेर गेलेला असतो. म्हणून ‘पिन मागतंय’ म्हणून कोड टाकायचाच सोडून देऊ नका.

थांबा : ‘खातं परत मिळवून देतो, दोन हजार घेतो’ म्हणणारे इन्स्टा-टेलिग्रामवरचे ‘एथिकल हॅकर’ म्हणजे त्याच विहिरीत दुसऱ्यांदा उडी.

### पैसे गेलेत किंवा धमकी येतेय

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. लगेच, म्हणजे मेहुण्याला विचारायच्या आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, मध्येच गोठवता आले तर आले. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. बँकेलाही कळवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर लेखी तक्रार.

खासगी फोटो-व्हिडिओ पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका, शरम वाटते म्हणून लोक नेमकं तेच पुसतात. स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि लिंक लिहा, मग ब्लॉक करा. महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सोय आहे : फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांना जातो आणि त्यावरून तो फोटो अडवला जातो. ती १८ वर्षांवरच्यांसाठी. त्याखालच्या वयाच्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर घरात सगळ्यांना माहीत हवा.

पोलीस ठाण्यात जाताना छापील स्क्रीनशॉट आणि एका पानावर तारीखवार घटनाक्रम न्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६६सी हे ओळख चोरण्याबद्दल, ६६डी तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल, ६६ई खासगी अवयवांचे फोटो परवानगीशिवाय काढण्या-पसरवण्याबद्दल आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ महिलेचा पाठलाग करण्याबद्दल आहे, त्यात तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही येतं. कलमं पाठ करायची गरज नाही, पण अर्जात लिहिलेली असली की ‘हे काय फेसबुकचं भांडण’ असं ऐकून परत यावं लागण्याची शक्यता कमी होते.

## टप्पा ८ : नवा फोन घेतल्यावर

केलेलं सगळं मोडतं ते इथे. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई असते, दुकानदार ‘देता का, रीसेट मारतो’ म्हणतो, आणि ऑथेंटिकेटर ॲप त्याच्याबरोबर जातं.

क्रम असा ठेवा. नव्या फोनवर सिम घाला. व्हॉट्सॲप सुरू करा, पिन टाका. ऑथेंटिकेटर जुन्यातून नव्यात हलवा आणि नव्या फोनवरच्या कोडने एकदा फेसबुकमध्ये प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. ईमेल उघडतंय ना ते बघा. मग जुन्या फोनमधून गुगल खातं काढा आणि रीसेट करा. शेवटी ‘युअर डिव्हाइसेस’मधून जुन्या फोनचं नाव पुसलं गेलंय का ते नव्यावरून बघा. तोपर्यंत जुना फोन दुकानदाराच्या हातात देऊ नका. एक्स्चेंजची ऑफर उद्याही असते.

वही कुठे ठेवलीय हे घरातल्या एकाच माणसाला सांगा, आणि वापरलेल्या बॅकअप कोडवर रेघ मारत चला.